स्तंभावरची नावे आणि निनावी शिपाई : कोरेगाव व खानदेशची भिल्ल पलटण

दरवर्षी १ जानेवारीस भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे जो जनसमुदाय लोटतो, त्यात खानदेशातील बांधवही असतात. सातपुड्याच्या पायथ्याचे अक्कलकुवा तेथून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. त्या तालुक्यात बौद्ध कुटुंबे थोडी आणि भिल्ल, पावरा, वसावे अशा आदिवासी बांधवांची वस्ती फार मोठी. कोरेगावला जाणे ज्यांना शक्य नसते ते आपल्या वस्तीतच बुद्धवंदना घेऊन शूर पूर्वजांना अभिवादन करतात. अशा ठिकाणी शेजारच्या आदिवासी बांधवाने सहज विचारावे की, ‘तुमच्या शिपायांची नावे दगडावर कोरलेली आहेत, आमचेही लोक त्याच कंपनी सरकारच्या पलटणीत होते, त्यांची नावे कोठे आहेत?’ या प्रश्नाला आपणांपाशी काय उत्तर आहे? आमच्या मते हा प्रश्न वरवरचा नाही. युद्धाचा स्मृतिदिन आपण कशासाठी पाळतो, याची कसोटी त्या एका प्रश्नात आहे.

प्रथम कोरेगावचा वृत्तान्त थोडक्यात पाहू. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. पुण्यात कर्नल बर यास कुमक हवी होती. तुकडीत बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या गोलंदाजांसह दोन तोफा होत्या. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठी पोहोचताच पलीकडे दुसऱ्या बाजीरावाचे प्रचंड सैन्य दिसले. कंपनीच्या कागदांत त्याची संख्या २८,००० दिली आहे. प्रत्यक्ष चाल करून आलेले लोक त्याहून पुष्कळ कमी, सुमारे दोन हजार होते. दिवसभर गावातील घराघरांतून लढाई झाली. शिपायांना अन्न नव्हते, पाणी नव्हते. रात्री मारा थांबला आणि जनरल स्मिथची फौज जवळ येत आहे असे कळल्यावर पेशव्याचे सैन्य निघून गेले. कंपनीच्या सुमारे ८३४ लोकांपैकी २७५ ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. त्या पलटणीत केवळ महार शिपाई नव्हते. मराठा, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्रायली शिपाईही होते. समोरच्या बाजूस अरबांचे पायदळ होते. निव्वळ लष्करी दृष्टीने पाहता ही निर्णायक लढाई नव्हे, चिवटपणे टिकून राहण्याची लढाई होती. हे मान्य केल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य उणे होत नाही. उलट बारा-तेरा तास उपाशीतापाशी टिकून राहणे काय असते, हे त्यामुळे अधिक कळते. इतिहासाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. विरोधकांच्या हाती उगाच कोलीत का द्यावे?

स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. तो कंपनीने आपल्या विजयाच्या गौरवासाठी उभारला आणि त्यावरील मजकूरही त्याच थाटाचा आहे. त्यावर मृतांची ४९ नावे आहेत व त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. ‘नाक’ हे ‘नायक’चे रूप की ‘नाग’चे, याविषयी मतभेद आहेत, परंतु ही नावे महार शिपायांची आहेत याविषयी नाहीत. आपण क्षणभर त्या काळात जाऊन पाहावे. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, त्याचे नाव अधिकृत शिलालेखात, इतरांच्या नावांच्या ओळीत, कोरले गेले. कोरणाऱ्याच्या मनात समता होती असे आम्ही म्हणत नाही. पलटणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव, त्याचे दगडावर नाव, इतकाच तो व्यवहार होता. परंतु गावकीच्या कोणत्याही व्यवहारात हा एवढा साधा नियम त्याला लागू नव्हता.

पुढे शंभराहून अधिक वर्षे तो स्तंभ साम्राज्याचाच होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, आणि त्या दिवसापासून त्या दगडाचा अर्थ पालटला. बाबासाहेबांनी स्तंभावरील एक अक्षरही बदलले नाही, फक्त वाचणारा बदलला. कंपनीने जेथे आपला विजय वाचला, तेथे त्यांनी त्या बावीस नावांचे वारस उभे केले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांच्या आजोबांनी भीमेकाठी तहान सोसली, त्यांच्या नातवंडांना सार्वजनिक तळ्यावर पाणी घेता येत नव्हते.

बाबासाहेब या इतिहासाकडे केवळ अभिमानाने पाहत नव्हते. ‘द अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका’ या निबंधात त्यांनी अस्पृश्य शिपायांच्या मदतीने ब्रिटिशांनी हा देश जिंकला हे दाखविले आणि लगेच हिशेब मागितला : त्या मदतीच्या बदल्यात ब्रिटिशांनी त्यांना काय दिले? हा हिशेब त्यांच्या घरातला होता. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, आजोबा मालोजीही लष्करात. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला, आणि दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, महारांची लष्करभरती बंद झाली. लॉर्ड रॉबर्ट्स हे सरसेनापती असतानाच्या काळात ‘लढाऊ जाती’ नावाचा सिद्धान्त बळावला होता आणि त्यात ज्यांनी कंपनीचे राज्य उभे केले तेच न-लढाऊ ठरले. छावणी गेली म्हणजे केवळ पगार गेला नाही. शिपायाच्या मुलाची शाळा गेली, पेन्शन गेली आणि गावकीच्या बाहेर मान वर करून जगण्याची वाट बंद झाली.

या अन्यायाविरुद्ध प्रथम उठले ते निवृत्त शिपाईच होत. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीच्या पेन्शनरांच्या वस्तीतून लेखणी उचलली, अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापिली आणि भरतीसाठी अर्ज तयार केला. त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडून लष्कर व पोलीस खात्याची दारे उघडण्याची मागणी केली. या अर्जांची भाषा नम्र आहे, आजच्या तरुणास ती कदाचित रुचणार नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला युक्तिवाद नागरिकत्वाचा आहे : ज्याने रक्त दिले त्याचा राज्यावर हक्क आहे. माजी सैनिकाचा सन्मान म्हणजे हार आणि शाल, असे आपण आज समजतो. वलंगकरांच्या पिढीस तो हक्काचा कागद वाटत होता. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि निकड सरताच १९२१ मध्ये मोडली गेली.

आता सातपुड्याकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला तेव्हा डोंगरातील भिल्ल नायकांनी तो ताबा मानला नाही. सात वर्षे फौजा पाठवून काही साधले नाही, तेव्हा १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने दुसरा मार्ग धरला. भिल्लांसाठी तीन एजन्सी स्थापन झाल्या. त्यांतील वायव्येकडील एजन्सीचे ठाणे कुकरमुंडे येथे होते. हे गाव आज गुजरातेत असले तरी तळोदा-अक्कलकुव्याच्या लोकांस ते शेजारचेच आहे. दुसरीकडे लेफ्टनंट जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम सोपविले गेले. तिचे मुख्य ठाणे धरणगाव. आरंभी अगदी मोजके भिल्ल त्याच्याकडे आले. तो त्यांच्याबरोबर शिकारीस जाई, निःशस्त्र त्यांच्यात वावरे, आणि विश्वास बसत गेला तशी काही वर्षांत शेकडो माणसांची पलटण उभी राहिली. तिचे काम काय? मुख्यतः त्यांच्याच डोंगरांतील, त्यांच्याच भाऊबंदांना जेरबंद करणे.

या व्यवस्थेचे टोक १८५८ मध्ये दिसले. सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण करणारे खाज्या नाईक हे पूर्वी कंपनीच्याच नोकरीतले. नोकरीतून निघाल्यावर, १८५७ च्या उठावात, भीमा नाईक यांच्यासह ते कंपनीविरुद्ध उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे लढाई झाली. उठाव करणारे बहुसंख्य भिल्ल, आणि त्यांच्यावर चालून गेलेल्या कंपनीच्या फौजेतही भिल्ल पलटणीचे शिपाई. उठावातले अनेक जण मारले गेले, पकडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या, स्त्रिया कैद झाल्या. १८९१ च्या सुमारास ही पलटण लष्करी स्वरूपात उरली नाही, ती पोलिसांत सामावून घेण्यात आली. म्हणजे महारांची भरती बंद होण्याचा काळ आणि भिल्ल पलटण संपण्याचा काळ जवळजवळ एकच. वापरावे आणि सोडावे, हा न्याय दोघांच्या बाबतीत सारखाच लागू झाला.

फरक पडला तो पुढे. औट्रम मोठा सेनापती झाला, १८६३ मध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत पुरला गेला. धरणगावात त्याचा बंगला लोक आजही दाखवितात. ज्यांच्या बळावर त्याचा लौकिक झाला त्या भिल्ल शिपायांची नावे कोरलेला कोरेगावसारखा स्तंभ खानदेशात नाही. आणि समजा असता, तर त्यावर अभिवादन कोणी करावे? अंबापाणीच्या दोन्ही बाजूंस एकाच रक्ताची माणसे होती. आदिवासी समाज खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांना हुतात्मे मानतो, आणि ते यथार्थ आहे. परंतु कंपनीचा पट्टा कमरेला बांधून समोर उभा राहिलेला तो गरीब भिल्ल शिपाई केवळ ‘फितूर’ म्हणून बाजूला सारावा काय? महार शिपायांवरही हाच आरोप होत आलेला आहे. ‘इंग्रजांची चाकरी करून स्वकीयांविरुद्ध लढले’ या आरोपास आपण जे उत्तर देतो, की ज्या राज्याने त्यांना माणूस मानले नाही ते राज्य त्यांचे स्वकीय कसे, तेच उत्तर भिल्ल शिपायाच्या बाबतीत अपुरे पडते, कारण त्याच्यासमोर खरोखरच स्वकीय होते. म्हणून येथे अधिक खोल उत्तर शोधले पाहिजे, आणि ते बौद्धांनी तथागतांच्या शिकवणुकीत शोधणे साहजिक आहे.

संयुत्त निकायात योधाजीव नावाच्या गामणीची कथा आहे. हा गामणी म्हणजे व्यवसायाने योद्धा. तो भगवंतांस विचारतो की, रणांगणात पराक्रम करताना मरण पावलेला योद्धा विशिष्ट स्वर्गात जातो असे आमच्या आचार्यांकडून आम्ही ऐकत आलो, त्याविषयी आपले मत काय? भगवंत दोनदा त्याला, हे विचारू नकोस, म्हणून टाळतात. तिसऱ्या वेळी मात्र सांगतात की, दुसऱ्यांना मारण्याच्या विचाराने भरलेले चित्त घेऊन मरणारा सद्गतीला जात नाही. गामणी रडू लागतो. तो का रडतो, हे फार महत्त्वाचे आहे. भगवंतांच्या बोलण्याने आपण दुखावलो नाही, असे तो सांगतो. जुन्या योद्धे-आचार्यांनी आपणांस दीर्घकाळ फसविले, याचे ते रडू आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात शिपायाची निंदा नाही, निंदा आहे ती त्याला स्वर्गाचे आमिष दाखविणाऱ्यांची. शिपायाविषयी तेथे करुणा आहे.

बाबासाहेबांनी हाच धागा आधुनिक भाषेत मांडला. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांत भेद केला आहे. भगवंतांचा निषेध पहिल्याविषयी आहे, असे त्यांचे विवेचन आहे. त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटू घातलेल्या युद्धास त्याने केलेला विरोध हे सांगितले आहे. ज्या महामानवाने महार पलटणीसाठी शासनाशी झगडा केला, त्यानेच आपल्या धम्मग्रंथाच्या आरंभी युद्धाला नकार देणारा सिद्धार्थ उभा केला. या दोहोंत विसंगती पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ती दिसत नाही. शिपाई होण्याचा समान अधिकार मागणे आणि युद्धाचे स्तोम नाकारणे, या दोन गोष्टी एकाच प्रतिष्ठेच्या आग्रहातून निघतात.

युद्धाच्या स्मृतीचा सर्वांत थोर लेख आपल्या देशात सम्राट अशोकाने कोरला, आणि तो विजयाचा नाही, पश्चात्तापाचा आहे. तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धातील हिशेब आहे : दीड लक्ष माणसे देशोधडीस लावली, एक लक्ष मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मेली. ज्यांची स्वतःची हानी झाली नाही त्यांनाही आप्तांच्या दुःखाने क्लेश होतात, हेही त्यात नोंदविले आहे. पण धौली व जौगड येथे, म्हणजे खुद्द कलिंगात, हा लेख कोरलेला नाही; तेथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. विद्वान याची कारणे निरनिराळी देतात. आम्हांस एवढेच वाटते की, ज्यांच्या घरातली माणसे मेली त्यांना आकडा वाचून दाखविण्याचे धाडस त्या सम्राटालाही झाले नसावे. त्या एका लक्षात एकही नाव नाही. इंग्रजांनीही पहिल्या महायुद्धानंतर कित्येक खेड्यांत संगमरवरी पाट्या बसविल्या, या गावातून इतके गेले व त्यांतील इतके मेले, अशा. त्यांवरही आकडाच. कोरेगावच्या स्तंभाचे वेगळेपण यावरून कळावे.

दुसऱ्या महायुद्धात इतिहासाने पुन्हा वळण घेतले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळाचे सदस्य झाले आणि त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या पहिल्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याची जागा खंजिराने घेतली. १९४७ च्या फाळणीत निर्वासितांच्या संरक्षणाचे काम या पलटणींनी केले. पुढे रेजिमेंट सर्व जातिधर्मांच्या जवानांची झाली, तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. या रेजिमेंटचे परमवीरचक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या श्रीलंकेतील लढाईतील बलिदानासाठी मरणोत्तर मिळाले.

त्याच महायुद्धाच्या काळात आपल्या पश्चिम खानदेशात काय घडत होते? ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे संत गुलाम महाराजांच्या आप पंथाच्या अनुयायांवर गोळीबार झाला. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असे सांगणारा हा पंथ महाराजांच्या १९३८ मधील निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज चालवीत होते. एकमेकांस ‘आप’ म्हणण्यात सरकारला बंड दिसले, यावरून ‘अरे-तुरे’च्या व्यवस्थेचे बळ समजते. शिरीषकुमारचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांस ठाऊक आहे. रावलापाणीच्या मृतांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? १ जानेवारीचा अभिमान बाळगणाऱ्या अक्कलकुवा-तळोद्याच्या बौद्ध बांधवांनी २ मार्च हा दिवस केवळ आदिवासींचा समजू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

कोरेगावच्या द्विशताब्दीच्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, तेथे हिंसाचार झाला व एका तरुणाचा प्राण गेला. तेव्हापासून त्या दिवशी कडक बंदोबस्त असतो आणि चर्चा बंदोबस्ताचीच अधिक होते. गर्दीचे आकडे आणि भाषणे वाढतात, पण स्तंभावरील बावीस नावे क्रमाने वाचणारा वक्ता क्वचितच आढळतो. विहारात १ जानेवारीचा कार्यक्रम करणाऱ्या मंडळांनी निदान ती नावे मोठ्याने वाचावीत. तालुक्यातील माजी सैनिकांस, मग ते बौद्ध असोत, आदिवासी असोत वा अन्य कोणी, त्या दिवशी पुढे बसवावे आणि त्यांना बोलू द्यावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनास निधी देऊन मोकळे होण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण म्हातारा जवान शौर्याच्या गोष्टी कमी सांगतो आणि थंडीच्या, चालण्याच्या, मेलेल्या सोबत्याच्या गोष्टी अधिक सांगतो.

आणखी एक काम तातडीचे आहे. जुन्या सैनिकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत डिस्चार्जची पुस्तके, पदके, पेन्शनचे कागद पडलेले असतात; वाळवी आणि पावसाळा त्यांची वाट पाहत नाही. विहारांतील तरुणांनी वही घेऊन घरोघर जावे आणि शिपायाचे पूर्ण नाव, गाव, पलटण, क्रमांक, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष टिपून घ्यावे. खानदेशातील भिल्ल पोलिसांच्या जुन्या घराण्यांतूनही, त्यांची हरकत नसेल तर, अशी नोंद करावी. पणजोबा भिल्ल पलटणीत होते एवढेच कोणी सांगितले तरी ते लिहावे. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी वृद्ध माता घरात असल्यास तिचेही नाव विचारावे, कारण पेन्शनच्या कागदावर ती बहुधा अमुक शिपायाची विधवा एवढीच असते.